फुलदांड्यावर उगवणारे रोप

फुलदांडा फुलांसाठी असतो, असे आपण वर्गात शिकलो. पानांच्या झुपक्यातून तो वर येतो, फुले उमलतात, बी धरते आणि दांडा सुकतो. होस्टा या बागेतील वनस्पतीचा दांडा मात्र क्वचित हा क्रम मोडतो. जेथे फूल किंवा बोंड असावे, तेथे चिमुकल्या पानांचा झुपका फुटतो. पाहणाऱ्यास हा रोग वाटतो व तो दांडा उपटून टाकतो. वस्तुतः ते एक नवे रोप असते.

होस्टा ही पूर्व आशियातील, सावलीत वाढणारी, शतावरीच्या कुळातील वनस्पती. जपानी भाषेत तिला ‘गिबोशी’ म्हणतात. तेथील जुन्या पुलांच्या व मंदिरांच्या कठड्यांवरील खांबांना कळीच्या आकाराचा कळस असतो, त्याचे हे नाव. न उमललेला फुलोरा तसाच दिसतो. गिबोशी म्हणजे रत्नाची प्रतिकृती, आणि ते रत्न म्हणजे बौद्ध शिल्पांतील चिंतामणी. १८१२ मध्ये युरोपात ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ होस्ट यांचे नाव तिला मिळाले. जुने नाव मला अधिक बोलके वाटते.

आता कारण पाहू. दांड्यावर ठिकठिकाणी छद असतात. छद हे पानाचेच रूप, आणि पानाच्या बगलेत अंकुर असतो हा नियम दांड्यावरही लागू पडतो. एरवी त्या अंकुराचे फूल होते किंवा तो निद्रिस्त राहतो. परंतु कळ्या कोवळ्या असतानाच खुडून दांडा हिरवा राखला, तर काही वाणांत तेथून रोप फुटते. त्यासह दांड्याचा तुकडा कापून ओलसर मातीत टेकवला, की त्यास मुळे येऊ शकतात. यात मोठा लाभ आहे. पांढऱ्या कडांच्या पानांच्या होस्टाचे बी पेरल्यास संतती बहुधा साध्या पानांची निघते. दांड्यावरील रोप मात्र सहसा आईचे गुण घेऊन येते.

आपल्या बांधावरचे घायपात हे होस्टाचे जवळचे नातलग. होस्टात जे अपवादाने घडते, ते तेथे नित्याचे आहे. फुले गळाल्यावर त्याच्या उंच दांड्यावर शेकडो कंदिका लगडतात आणि खाली पडून रुजतात. एकदा फुललेले घायपात मरते. होस्टा मात्र पुढील वर्षी त्याच मुळांतून पुन्हा फुटते.