डबा चालू आहे, फाइली दिसत नाहीत

वाचकांचे प्रश्न : कायदा आणि पैसा

प्रश्न : कामतघरला आमचे यंत्रमाग आहेत. व्यापाऱ्यांकडून बीम आणि बाण्याचं सूत येतं, आम्ही मजुरीवर ग्रे कापड विणून देतो. चलनं, मजुरीची बिलं, टॅलीचा डेटा आणि घरचे फोटो, सगळं घरातल्या दोन डिस्कच्या 'नॅस'वर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या साठवणीच्या डब्यावर, ठेवलं होतं. मध्यंतरी केबलवाल्याने राउटर बदलला, त्याच सुमारास मुलाने नवा लॅपटॉप घेतला. तेव्हापासून डब्याचे दिवे लागतात, पण फाइली उघडत नाहीत. दुरुस्तीवाला म्हणतो, 'रीसेट करून बघू. नाहीतर डिस्क काढून डेटा काढायचे चाळीस हजार, हमी नाही.' इकडे जीएसटीची २०२२-२३ सालाची एएसएमटी-१०, म्हणजे विवरणपत्रातल्या तफावतींचा खुलासा मागणारी, नोटीस आली आहे. 'डेटा गेला' असं लिहून दिलं तर चालेल का? आणि दुरुस्तीवाल्याच्या हातून सगळंच पुसलं गेलं तर दाद कुठे मागायची?
– एक कारखानदार, भिवंडी

उत्तर : लिहून देऊ नका. आणि तूर्त रीसेटही करू देऊ नका.

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. २०२२-२३ साठी ती तारीख होती ३१ डिसेंबर २०२३. म्हणजे हा हिशेब ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत तुमच्या गळ्यात आहे. शिवाय नियम ५७ सांगतो की संगणकावर हिशेब ठेवणाऱ्याने त्याची अशी वेगळी प्रत ठेवावी, की अपघाताने मूळ नोंदी गेल्या तरी वाजवी वेळात त्या परत उभ्या करता येतील. तेव्हा 'डेटा गेला' हे वाक्य बचाव म्हणून उभं राहत नाही, उलट कबुली ठरतं. हिशेब न जपल्याबद्दल कलम १२२ खाली दहा हजारांचा किंवा बुडवलेल्या कराइतका, यातला जो जास्त असेल तो दंड लागू शकतो. एका डब्यात दोन डिस्क आहेत म्हणून आपल्याकडे दोन प्रती आहेत, असं पुष्कळ जण धरून चालतात. तसं नसतं. दोन्ही डिस्कवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जात असेल, तर एकीवरून पुसलेलं दुसरीवरूनही त्याच क्षणी जातं.

नोटिशीला उत्तर द्यायला जास्तीत जास्त ३० दिवस मिळतात आणि अधिकारी मुदत वाढवून देऊ शकतो. 'नोंदी परत मिळवण्याचं काम चालू आहे' एवढंच लिहून, मुदत संपायच्या आत अर्ज करा. तोवर हिशेब बाहेरून गोळा करता येतो. तुमचं जीएसटीआर-१ आणि खरेदीचं जीएसटीआर-२बी पोर्टलवर आहे, बँकेचे उतारे बँकेत आहेत. मालाचं चलन तीन प्रतींत निघतं आणि त्यातली मूळ प्रत माल घेणाऱ्याकडे जाते. म्हणजे तुम्ही परत पाठवलेल्या प्रत्येक ताग्याचा कागद व्यापाऱ्याच्या पेढीवर असायला हवा. आणखी एक गोष्ट कारखानदारांच्या सहसा लक्षात येत नाही. कलम १४३ प्रमाणे जॉबवर दिलेल्या मालाचा हिशेब ठेवण्याची जबाबदारी माल पाठवणाऱ्यावर असते. सूत किती आलं, कापड किती गेलं हे मूळ मालकाने दाखवायचं. तुमच्यावर तुमच्या मजुरीच्या बिलांचा भार. प्रती मागताना संकोच करू नका.

आता यंत्राकडे येऊ. तुम्ही सांगता ती लक्षणं वाचून डेटा जागेवरच असावा असं वाटतं. नवा राउटर आला की नॅसला नवा आयपी पत्ता मिळतो आणि संगणक जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो. राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांची यादी असते. तिथला पत्ता ब्राउझरमध्ये टाका. नॅसचं पान उघडलं आणि त्यात डिस्क 'ठीक' दिसल्या, तर चाळीस हजारांचा विषय संपला. मग उरतो नवा लॅपटॉप. विंडोज १० च्या २०१७ सालच्या आवृत्तीपासून फाइली वाटून घेण्याची जुनी एसएमबी-१ पद्धत मुळातच बंद असते, आणि २०२४ मध्ये आलेली विंडोज ११ ची २४एच२ आवृत्ती पासवर्डाशिवाय 'पाहुणा' म्हणून आत शिरू देत नाही. नॅसवर नाव-पासवर्डाचं खातं उघडा, त्याचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा. बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं. नॅस फारच जुना असेल तर घरातल्या जुन्या संगणकावरून फाइली आधी बाहेर काढा. विंडोजचं संरक्षण ढिलं करायचा सल्ला कोणी दिला तर तो शेवटचा उपाय समजा.

डिस्क खडखडत असेल, तांबडा दिवा असेल, तर मात्र वीज बंद करून थांबा. डिस्क काढून सरळ विंडोजला जोडण्याचा मोह तर टाळाच. नॅसची डिस्क बहुधा लिनक्सच्या मांडणीची असते, विंडोजला ती वाचता येत नाही, आणि 'फॉरमॅट करायची का?' असा प्रश्न पडद्यावर येतो. घाईत कोणीतरी 'हो' दाबतो. रीसेटचंही तसंच : काही यंत्रांत त्याने फक्त पासवर्ड आणि नेटवर्कची मांडणी पुसली जाते, काहींत डिस्कच कोरी होते. जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' यंत्रांवर हल्लेखोरांनी इंटरनेटवरून नेमका हाच फॅक्टरी रीसेट चालवला आणि जगभरातल्या लोकांची वर्षानुवर्षांची साठवण गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये 'क्यूलॉकर' या घातक प्रोग्रामने क्यूनॅप कंपनीच्या यंत्रांवरच्या फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. तुमच्या फाइलींची नावंच बदललेली दिसली किंवा खंडणीची चिठ्ठी सापडली, तर नॅस इंटरनेटपासून तोडा आणि १९३० वर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. तिची पोच जीएसटीच्या उत्तरालाही जोडता येते, आणि नुसत्या 'डेटा गेला'पेक्षा तिला वजन असतं.

दुरुस्तीवाल्याकडे जायची वेळ आलीच तर आधी कागद करा : डिस्कचे अनुक्रमांक, मूळ डिस्कवर काहीही न लिहिता तिची हुबेहूब प्रत काढून त्या प्रतीवरच काम, डेटा न मिळाल्यास किती पैसे, आणि माहिती बाहेर जाणार नाही याची हमी. हा कागद पुढे फार कामाचा. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ मालकाच्या परवानगीशिवाय डेटा नष्ट करणाऱ्याला लागू होतं. 'काय ते करा' असं तोंडी सांगून बसलात, तर परवानगीच दिली होती असं तो म्हणेल. या कलमाखाली पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा दावा राज्याच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांपुढे चालतो. ठाण्याच्या ग्राहक आयोगात जायचं तर दोन वर्षांची मुदत आहे, पण धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला ग्राहक कायद्याचं दार सहसा बंद असतं. आणि फोटोही त्याच डब्यात होते एवढ्यावर ते उघडेल असं मला वाटत नाही.

डेटा मिळाला की काम करणाऱ्याकडून लेखी अहवाल आणि फाइलींची हॅश नोंद, म्हणजे मजकूर बदललेला नाही हे दाखवणारा अंकी ठसा, घ्या. उद्या एखाद्या व्यापाऱ्याने मजुरी थकवली आणि प्रकरण कोर्टात गेलं, तर संगणकातल्या नोंदींच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागेल. जालन्याच्या निवडणूक वादातून आलेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये, तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ ब खाली, असं प्रमाणपत्र सक्तीचं ठरवलं. नव्या नमुन्यात एक भाग तुम्ही भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि हॅशचा रकाना दोन्हीकडे आहे.