गिळलेला राग

तीन वर्षांपूर्वी, वयाच्या ५२व्या वर्षी, मला हार्ट अटॅक आला. तेव्हापासून जे उमगत गेलं ते लिहितोय.

१. गिळलेला राग पचत नाही. गावच्या जमिनीच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी दोन वर्षं अबोला होता. अटॅकच्या आदल्या रात्री त्याचा फोन आला. तो बोलत राहिला, मी ऐकत राहिलो. फोन ठेवून जेवायला बसलो. बायको म्हणाली, "अहो, दात किती आवळताय!" भाकरीचा घास तोंडात तसाच होता. पहाटे जबडा आणि डावा खांदा दुखू लागला. पित्त समजून लिंबू-सोडा प्यायलो आणि पडून राहिलो. त्यात दोन तास गेले.

२. धावपळीपेक्षा अढी वाईट. १९५९ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या मेयर फ्रीडमन आणि रे रोझेनमन या हृदयतज्ज्ञांनी सतत घाईत, चढाओढीत जगणाऱ्यांच्या स्वभावाला 'टाइप ए' नाव दिलं. पुढच्या अभ्यासांत निव्वळ घाईवरचा आरोप टिकला नाही, वैरभावावरचा बराचसा टिकला. मला हे पटतं. लोकलमागे मी तीस वर्षं धावलो, पण भावाचं नाव निघालं की छाती भरून यायची.

३. घरी आल्यावरची उदासी अंगावर काढू नका. अँजिओप्लास्टी झाली, रिपोर्ट चांगले आले, तरी दिवाळीत आकाशकंदील लावताना मला रडू कोसळलं. 'अशक्तपणा असेल' म्हणून दोन महिने घालवले. अटॅकनंतरचं नैराश्य हा पुढच्या धोक्याचा घटक मानावा, अशी शिफारस अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या तज्ज्ञांनी २०१४ सालीच केली होती. डॉक्टरांना मनाचंही सांगा, ते विचारोत न विचारोत.

४. दुःखानं हृदय खरंच दुखावतं. शेजारच्या काकूंना काकांच्या तेराव्याला छातीत कळ आली. अँजिओग्राफीत एकही ब्लॉक नव्हता, पण हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगला होता. जपानी डॉक्टरांनी १९९० साली या आजाराला 'ताकोत्सुबो' म्हटलं. ताकोत्सुबो म्हणजे ऑक्टोपस पकडायचं मडकं. काकू महिन्याभरात सावरल्या.

५. मन मोकळं केलं म्हणून गोळ्या सुटत नाहीत. माझ्या चालू आहेत.

भावाशी आता बोलतो, वाटणी अजून झालेली नाही. तुमचा जबडा, खांदा किंवा पाठ दुखून घाम फुटला, तर लिंबू-सोडा करत बसू नका. लगेच १०८ला फोन करा.