डोह मोजायला गेलो तेव्हा

भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याकडून मध्य प्रदेशच्या दिशेने निघालं की या रस्त्यावरचं महाराष्ट्राचं शेवटचं गाव बपेरा. गाव संपलं की बावनथडीचा पूल, आणि पुलापलीकडे बालाघाट जिल्हा. मी तालुक्यातल्या एका कॉलेजात भूगोल शिकवतो. २०२०च्या शैक्षणिक धोरणानंतर क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजसहभागाला श्रेयांक मिळू लागले, तसे मीही नऊ पोरापोरींना घेऊन बपेऱ्याला जाऊ लागलो. भाग माझ्या ओळखीचा, बोली माझीच. त्यामुळे मला कोणी काही शिकवायची गरज नाही, असं वाटत होतं. दोन वर्षांत जे शिकलो ते असं.

१. विषय गावात पोचेपर्यंत कच्चाच ठेवा

कॉलेजातून निघताना विषय पक्का होता : ‘बावनथडी नदीतील मत्स्यविविधता’. प्रश्नावली छापलेली, माशांचे रंगीत फोटो सोबत. नदीकाठी जाळं दुरुस्त करत बसलेल्या ढिवरकाकांनी फोटो पाहिले, मरळ, वाम, मांगूर बरोबर ओळखले आणि कागद परत दिला. म्हणाले, “मासोळ्या मोजून का करता, सर? डोह मोजा. डोह राहीन त मासोळी राहीन.”

उन्हाळ्यात बावनथडी सलग वाहत नाही. धार तुटते आणि मागे डोह उरतात. नदीतले मासे पावसाळ्यापर्यंत तग धरतात ते या डोहांतच. वरच्या अंगाला दोन राज्यांनी मिळून बांधलेलं राजीव सागर धरण आहे, पात्रातून रेती उपसली जाते, काठावरचे पंप पाणी ओढतात. या सगळ्याचा हिशेब शेवटी डोहाच्या खोलीत दिसतो. माझ्या विषयात नदीतले मासे होते, ते जगतात कुठे हा प्रश्नच नव्हता. विषय तिथेच बदलला. कॉलेजात बदलाचा अर्ज करायला तीन आठवडे गेले, ते सत्कारणी लागले.

२. सेमिस्टर आपलं, हंगाम गावाचा

पहिली फेरी जुलैत मारली. गाव रिकामं. सगळे रोवणीला धानाच्या बांधीत. घरी शाळकरी पोरं आणि म्हातारी माणसं. आमच्या विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडूनच चाळीस प्रश्नावल्या भरून आणल्या. ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात दहा वर्षांच्या पोराने सांगितलेले आकडे होते. त्या चाळीसही मी फाडल्या.

धानाच्या पट्ट्यात वर्ष असं चालतं : पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी, मग मंडईची जत्रा आणि चुरणे म्हणजे मळणी, उन्हाळा लागला की मोहफूल आणि तेंदूपत्ता. मंडईच्या दिवसांत माणसं भेटतात, पण कामाचं बोलत नाहीत, आणि तेच बरोबर आहे. आम्हाला उपयोगी पडली ती मार्चमधली पहाट, जाळं काढायच्या वेळची. साडेपाचला नदीवर हजर राहायचं म्हटल्यावर नवापैकी पाचच जण आले. त्या पाचांचीच टिपणं कामाची निघाली.

३. आधी त्यांच्या मापाने मोजा

पोरांनी तीस मीटरची टेप आणली होती. डोहात ती वाहत्या पाण्याने तिरकी व्हायची, आकडा दर वेळी वेगळा. काकांनी डोंग्यातून एक दोरी काढली, टोकाला दगड बांधला आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात मोजून एकेक गाठ मारत गेले. दगड सोडला. तळ लागला की दोरी सैल पडते, ते बोटांना आधी कळतं, डोळ्यांना नंतर. “साडेपाच हात,” ते म्हणाले. “माझ्या लग्नाच्या साली इथे बांबू बुडत होता.”

मग दोरी रेतीवर ताणून आम्ही टेप लावली. काकांचा हात ४६ सेंटिमीटरचा निघाला. म्हणजे खोली अडीच मीटरच्या थोडी वर. पोरांच्या वहीत दोन रकाने झाले : हात आणि मीटर. मला वाटलं होतं की पहिला रकाना शोभेचा. पण पुढच्या वर्षी आम्ही जाऊ शकलो नाही तेव्हा काकांनीच मोजलं, आणि फोनवर जे आकडे सांगितले ते हातातले होते. काम चालू राहिलं ते त्या रकान्यामुळे.

४. जे बोलले नाहीत त्यांचीही नोंद ठेवा

पहिल्या यादीत सतरा माणसं होती, सतराही पुरुष, सतराही अलीकडच्या काठावरची. हे माझ्या लक्षात आलं नाही, एका विद्यार्थिनीच्या आलं. ती धुणं धुणाऱ्या बायांमध्ये जाऊन बसली. कोणत्या डोहाचं पाणी कधी गढुळतं, झिंगे कुठे मिळेनासे झाले, कुठे पाय घसरून रेतीच्या खड्ड्यात जातो, हे सगळं त्यांना पाठ होतं. पुरुषांनी त्यातलं एकही सांगितलं नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

यात नवं काही नाही. शेजारच्या गडचिरोलीत राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतल्या स्त्रियांची तपासणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचं त्यात आढळलं. १९८९ साली ‘लॅन्सेट’ने ते छापलं, तोवर ग्रामीण स्त्रीचं आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढंच धरून सगळे चालले होते.

आणि पलीकडचा काठ? ‘आपला जिल्हा’ म्हणून पोरांनी नकाशा नदीच्या मधोमध तोडला होता. मासे सीमा पाळत नाहीत, सोयरीकही पाळत नाही. पलीकडे काकांचे साडूच होते. त्यांनी आणखी चार डोह दाखवले.

५. आपल्या आधी कोणी चाललंय का, ते बघा

आपण पहिलेच, हा गैरसमज लवकर गेलेला बरा. भंडारा-गोंदियातले मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, १९५१मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले. मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने या तलावांवर ढिवरांसोबत, म्हणजे इथल्या मासेमार समाजासोबत, वर्षानुवर्षं काम केलं आहे. कोणता मासा कोणत्या पाणवनस्पतीच्या आसऱ्याला राहतो, हे त्यांनी ढिवरांकडून समजून घेतलं, बेशरमचं तण उपटलं, जुन्या वनस्पती पुन्हा लावल्या. तिकडे गडचिरोलीतल्या मेंढा-लेखात गावाचा स्वतःचा अभ्यासगटच आहे. बाहेरचा अभ्यासक तिथे गावकऱ्यांच्या शेजारी बसून शिकतो.

हे वाचून गेल्यावर आमची पोरं ‘माहिती द्या’ म्हणायची बंद झाली. ‘तुम्हाला काय तपासून पाहायचंय?’ असं विचारू लागली.

६. दिवस बुडतो, त्याची मजुरी द्या

आम्हाला डोंग्यातून फिरवलं त्या दिवशी काकांचं जाळं कोरडंच राहिलं. ते काही बोलले नाहीत. काकू बोलल्या. तेव्हापासून सर्वेक्षणाच्या दिवसाची मजुरी आधी ठरवतो आणि त्याच संध्याकाळी देतो. पहिल्या अहवालात प्राचार्य, विभागप्रमुख, मी, सगळ्यांची नावं होती आणि काका ‘स्थानिक रहिवासी’ होते. तो कागद आजही वाचवत नाही. आता त्यांना विचारून त्यांचं नाव पहिल्या पानावर, विद्यार्थ्यांच्या बरोबरीने असतं.

७. छापण्याआधी गावात वाचून दाखवा

साठ पानांचा अहवाल कोणी वाचणार नव्हतं. म्हणून एका मोठ्या कागदावर नदी काढली, दोन्ही काठांचे डोह मांडले, खोली हातांत लिहिली आणि पारावर टांगली. अर्ध्या तासात तीन चुका निघाल्या. एक डोह आम्ही वळणाच्या खाली दाखवला होता, तो वर होता.

मग काकांनी एका निळ्या ठिपक्यावर बोट ठेवलं. “हा काढा.” सगळ्यांत खोल डोह तोच. छापून आलं की बाहेरचे येतील, पाण्यात औषध टाकतील, ही भीती. पारावरच्या कोणीही त्यांना अडवलं नाही. २००२च्या जैवविविधता कायद्याने गावाच्या माहितीची नोंदवही गावच्याच समितीकडे दिली आहे. पण कायदा नसता तरी ठिपका त्यांचाच होता. तो एका विद्यार्थ्याने खोडरबराने पुसला.

परीक्षकांनी त्या मोकळ्या जागेशेजारी लाल शाईने ‘माहिती अपूर्ण’ लिहिलं आणि तीन गुण कापले. पोरगं माझ्याकडे आलं. मला वाटलं, तक्रार करायला. त्याने एवढंच विचारलं, “सर, मार्चमध्ये दोरी घेऊन जायचंय ना?”