प्रेसेपे म्हणजे गव्हाण



'नाताळ' हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. त्याचा अर्थ जन्म. थंडीच्या या दिवसांत आणखी एक परका शब्द शिकू या. आपण नाताळात जो गोठा मांडतो, त्याला इटालियन लोक 'प्रेसेपे' म्हणतात. हा शब्द मूळचा लॅटिन. अर्थ असा : कुंपण घातलेली जनावरांची जागा, आणि चारा घालायची गव्हाण. संत लूकच्या शुभवर्तमानात (२:७) बाळ येशूला जिथे निजवले, त्या जागेला लॅटिन बायबलमध्ये हाच शब्द आहे.

म्हणजे प्रेसेपे मुळात देखावा नव्हे. ते जनावराच्या जेवणाचे ताट आहे.

आसीसीच्या संत फ्रान्सिसना हे नेमके कळले होते. १२२३ सालच्या नाताळात त्यांनी इटलीतील ग्रेच्चो या गावी गवताने भरलेली गव्हाण मांडली, बैल आणि गाढव आणवले. मूर्ती नव्हत्या. त्या गव्हाणीवर मिस्सा अर्पण झाली. डीकन असलेल्या फ्रान्सिसनी शुभवर्तमान गाऊन प्रवचन केले. जिथे जनावर खाते तिथेच ख्रिस्तशरीर! 'बेथलेहेम' या हिब्रू नावाचा अर्थही 'भाकरीचे घर' असाच आहे. निजल्या जागेपासूनच प्रभू आपले अन्न झाला. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी याच ग्रेच्चो गावी गोठ्याविषयीच्या पत्रावर सही केली आणि ही प्रथा घरोघरी जपण्यास सांगितले.

सेमिनरीत मी हा शब्द पाठ केला होता. तो समजला मात्र इकडे आल्यावर. दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातून कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला जातात. फडाजवळच्या कोपीत, बैलांच्या शेजारी, कडाक्याच्या थंडीत त्यांची लेकरे निजतात. तशा एका कोपीपुढे उभा असताना मला लूकचे ते वचन आठवले, आणि आपल्या चर्चमधल्या गोठ्यावरच्या रोषणाईची थोडी लाज वाटली. रोषणाई वाईट नाही. पण तिच्या झगमगाटात ते लेकरू दिसेनासे झाले, तर आपला गोठा नुसता देखावाच राहील.

या आठवड्यात एवढे करा :

१. घरच्या गोठ्यात थोडा खरा कडबा ठेवा. मुलांना 'प्रेसेपे' हा शब्द आणि त्याचा अर्थ सांगा. आजी-आजोबांना गावाकडच्या गव्हाणीविषयी बोलते करा.

२. रात्री जेवणाआधी सर्वांनी मिळून लूक २:१-२० मोठ्याने वाचा.

३. रोषणाईच्या खर्चातून एका पांघरुणाचे पैसे बाजूला काढा आणि ते पांघरूण अशा एखाद्या कुटुंबाला स्वतः नेऊन द्या.

मग नाताळच्या रात्री गोठ्यापुढे गुडघे टेकताना हा नवा शब्द आपल्याला परका वाटणार नाही.

प्रभूच्या प्रेमात,
आपला धर्मगुरू