तीन फुटांचे जाळे

गोराईच्या कोळ्याला जाळे शिकवायला नको. पण टेनिसच्या मैदानातही जाळे असते, बरे का! चेंडू त्याच्यावरून जावा लागतो.

होडीने खाडी ओलांडा, बोरिवलीला लोकल धरा, चर्चगेटला उतरा. जवळच क्रिकेट क्लब ऑफ इंडिया आहे. २०१७ साली तिथे देशोदेशींच्या बायकांची टेनिस स्पर्धा झाली. बेलारूसची आरिना साबालेंका जिंकली. पुढे ती जगात पहिली आली. तिचे नाव छापून आले. जाळे बांधणाऱ्याचे कोण छापतो?

जाळे दोन्ही खांबांशी साडेतीन फूट, पण मधोमध तीनच फूट लागते. मध्ये पट्टा लावून ते खाली ओढतात, मग मोजतात. मोजणाऱ्याने आकडा चुकीचा वाचला, तर सगळा खेळच खोटा. मला तर हा माणूस फार मोलाचा वाटतो.

चेंडू उचलणारी पोरे वेगळी. मोठ्या सामन्याला बहुधा सहा असतात: दोन जाळ्यापाशी, चार कोपऱ्यांत. गुण झाला की धावायचे, चेंडू उचलायचा, नि पुन्हा गप उभे राहायचे. माशी बसली तरी हलायचे नाही!

चेंडू झिजतात, म्हणून बदलतात. पहिल्यांदा ७ गेमनंतर, मग दर ९ गेमनंतर. पहिल्यांदा दोन कमी का? सुरुवातीच्या सरावातही तेच चेंडू झिजलेले असतात.