जुन्या मोटारीची थरथर

मुळशी तालुक्यातील वळकी नदीच्या खोऱ्यात कोळवण हे भातशेतीचे गाव आहे. तालुक्याचे ठिकाण पौड. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडले की गावात प्रथम चौकशी होते ती वाहनाची. अशा प्रसंगी येथील एका शिक्षकांची जुनी, कार्ब्युरेटरची मारुती 800 अनेकांच्या उपयोगी पडत आली आहे.

एका उन्हाळ्यात या गाडीचा टायमिंग बेल्ट बदलण्यात आला आणि त्याच दिवसापासून इंजिन जागेवर थरथरू लागले. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी सावरे, पाय काढला की बंद पडे. कारागिराने डिस्ट्रिब्युटर फिरवून पाहिला, प्लग बदलले, कार्ब्युरेटरचे स्क्रू कमी-जास्त केले आणि अखेरीस ‘इंजिनचे काम काढावे लागेल’ असा निर्णय दिला. खाजगी मोटारीच्या नोंदणीचे पंधरा वर्षांनंतर तपासणी होऊन पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते. ती मुदतही जवळ आली होती. पेट्रोल गाडीच्या धुराची चाचणी इंजिन जागेवर चालू ठेवूनच घेतात. गाडी भंगारात काढावी, असे घरात बोलले जाऊ लागले.

प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर आहे. यंत्रशास्त्र हा त्याचा प्रांत नव्हे. परंतु काल ठीक असलेले इंजिन आज बिघडले, तर मधल्या वेळात ज्याला हात लागला ते आधी तपासावे, एवढे समजण्यास यंत्रशास्त्र लागत नाही. पौडच्या एका वयस्क कारागिराने नेमके हेच केले.

टायमिंग बेल्ट हा दात असलेला रबरी पट्टा होय. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा व्हावा आणि झडपा ठरल्या क्षणी उघडाव्यात-मिटाव्यात, हे त्याचे काम. समजा, कॅमशाफ्टच्या पुलीला 40 दात आहेत. पट्टा एक दात चुकला तर कॅमशाफ्ट 9 अंशांनी चुकतो आणि क्रँकशाफ्टच्या हिशेबाने ही चूक 18 अंशांची होते. झडप उशिरा मिटली की वर येणारा पिस्टन आत घेतलेले मिश्रण पुन्हा बाहेर लोटतो. वेग वाढल्यावर आत धावणाऱ्या वायूच्या जोराने हा तोटा काहीसा भरून निघतो. गाडी पायावर सावरते ती यामुळेच.

येथे एक फसगत संभवते. या इंजिनात डिस्ट्रिब्युटरलाही गती कॅमशाफ्टकडूनच मिळते. पट्टा चुकला की ठिणगीची वेळही चुकते. कारागीर डिस्ट्रिब्युटर थोडा फिरवून ती जुळवतो, टायमिंग लाईटखाली खूण बरोबर दिसते आणि पट्टाही बरोबर आहे असा समज होतो. प्रत्यक्षात ठिणगी तेवढी सुधारलेली असते. झडपा चुकलेल्याच राहतात.

म्हणून तपासणीला क्रम हवा. काम करताना एखादी हवेची नळी निसटली आहे काय, प्लगच्या वायरी 1-3-2 या क्रमानेच आहेत काय, हे डोळ्यांनीच कळते. त्यानंतर इंजिन चालू असताना, विजेचा धक्का बसणार नाही अशी खबरदारी घेऊन, एकेका सिलिंडरची ठिणगी क्षणभर तोडावी. एखादी तोडूनही फरक पडला नाही तर दोष त्या सिलिंडरचा. तिन्ही सारखेच दुबळे वाटले तर कारण सर्वांना समान असणार. हवेची गळती शोधण्यासाठी तापलेल्या इंजिनावर पेट्रोल शिंपडण्याची खोड काही ठिकाणी आढळते. ती घातक आहे. साबणाच्या पाण्याने काम भागते.

कोळवणच्या गाडीत तिन्ही सिलिंडर सारखेच दुबळे होते. व्हॅक्यूम गेजची सुई फारशी न हलता खालीच थांबली. निरोगी इंजिन समुद्रसपाटीला साधारण 17 ते 21 इंच दाखवते आणि दर 300 मीटर उंचीला सुमारे एक इंच कमी होतो. पुणे परिसराची उंची लक्षात घेता येथे दोनेक इंचांची सूट द्यावी लागते. ती देऊनही आकडा कमीच भरला.

मग झाकण काढण्यात आले. प्लग काढून पान्याने क्रँकशाफ्ट हाताने, त्याच्या चालीच्या दिशेने, पूर्ण दोन फेरे फिरवला. खालची खूण जागेवर आली, वरची मात्र एक दात मागे राहिली. नवा पट्टा बसवताना ताण देण्यापूर्वी तो एका बाजूला सैल राहिला असावा. दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा पडताळल्या असत्या तर ते तेव्हाच दिसले असते. काही इंजिनांत अशी चूक मोठी असली तर पिस्टन झडपांवर आदळून त्या वाकतात. येथे तसे घडले नव्हते.

पट्टा बरोबर बसविल्यावर डिस्ट्रिब्युटर पुन्हा जुळवावा लागला. तीन सिलिंडरच्या इंजिनाला असते तेवढी थोडी थरथर उरली, ती स्वाभाविकच आहे. कार्ब्युरेटरवर मात्र त्या कारागिराचा अर्धा दिवस खर्ची पडला, कारण आधी फिरविलेले स्क्रू मुळात कोठे होते याची खूण कोणीच ठेवली नव्हती.