जुन्या वहीचा नवा कागद

मुलांनो, परीक्षा संपली की जुन्या वह्या रद्दीत जातात. त्यांपासून घरीच नवा कागद करता येतो. मात्र पवित्र मजकुराची पाने आधी बाजूला काढा.

उरलेल्या पानांचे बारीक तुकडे करून रात्रभर पाण्यात भिजवा. सकाळी ते वाटून लगदा करा. मालेगावात यंत्रमागाचा सुती धागा सहज मिळतो. त्याचे तुकडे घातले तर कागद शोभून दिसतो.

पसरट टबात पाणी घेऊन त्यात लगदा ढवळा. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली जाळी त्यात बुडवून आडवी वर उचला. पाणी निथळले की ती सुती कापडावर उलटी करा. वर दुसरे कापड ठेवून दाबा व कागद सावलीत वाळवा. घाईने तो फाटला तरी हिरमुसू नका. तोच लगदा पुन्हा वापरता येतो. उरलेला लगदा मोरीत ओतू नका, मोरी तुंबते.

हा हुन्नर आपल्या मुलखात जुना आहे. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यातील कारागीर शेकडो वर्षांपूर्वी चिंध्यांपासून कागद बनवत. १९४० साली पुण्यात हातकागद संस्था सुरू झाली. मराठीतला ‘कागद’ आणि उर्दूतला ‘काग़ज़’ हे दोन्ही शब्द फारसीतूनच आले आहेत.

तुमच्या पहिल्या कागदावर अम्मीसाठी मराठीत चार ओळी लिहा.